हाग्गा इन्साफचं पेज कुणी पुसलं

१

हाग्गा इन्साफला जाऊन सत्तर दिवस झाले होते, आणि आज संध्याकाळी सहा वाजता ती दुसऱ्यांदा जाणार होती.

तसं पत्रच आलं होतं. तिच्या मुलीने, रीहामने, सकाळी आठ वाजता ते फोनवर उघडून डॉक्टर वहीबच्या नाकासमोर धरलं. नाकासमोरच, कारण कुठलीही संशयास्पद वस्तू आधी डॉक्टर वहीबच्या नाकासमोर धरायची ही नबरोह गावाची तीस वर्षांची सवय. वहीब खरं तर डॉक्टर नव्हे. आरोग्य खात्याचा अन्न निरीक्षक. पण नबरोहमध्ये पांढरा कोट घातलेला प्रत्येक जण डॉक्टर असतो, खाटीक सोडून. फसीखच्या, म्हणजे खारवून मुरवलेल्या माशाच्या, पिंपावर नुसता वाकला की तो सांगायचा, आतली बोई मासळी किती दिवस मिठात आहे, खायच्या लायकीची आहे का, आणि दुकानदार आत्ता खोटं बोलतोय का. निवृत्त झाला त्याच वर्षी कोरोनाने त्याचं नाक नेलं. ज्या गावात भिंतींनाही खारवलेल्या माशाचा वास येतो तिथे वास न येणारा हा एकटा माणूस. बायको म्हणायची, खरं पेन्शन ते हेच.

पत्रात लिहिलं होतं : तुमच्या विनंतीवरून तुमचं इन्स्टाग्रामचं खातं कायमचं काढून टाकत आहोत. विचार बदलला असेल तर आज सहाच्या आत लॉगिन करा.

"कुणाच्या विनंतीवरून?" वहीबने विचारलं.

"आईच्या."

"पोरी, आई तर..."

"तिच्या चाळीसाव्या दिवसाच्या संध्याकाळी केलीय विनंती. खाली हाफिज कुराण म्हणत होते तेव्हा." रीहामचे डोळे सुजले होते. "मी महिनाभर समजत होते की पेज कुणी चोरलं. तक्रारी करून बोटं झिजली, डॉक्टर. आणि हे पत्र कचऱ्यात पडलेलं. दाढी वाढवायच्या तेलाच्या जाहिरातीशेजारी."

त्या पेजची गोष्ट वहीबला माहीत होती, सगळ्या गावाला होती. फसीख हा असा माल आहे की त्याचा वासच गिऱ्हाइकाला पळवून लावतो. हज केलेली म्हणून गावाची हाग्गा झालेल्या इन्साफला चार वर्षांपूर्वी वास नसलेली बाजारपेठ सापडली. तिथे ती बाह्या सावरून बसायची, मासा उभा फाडायची, अंगठ्याने दाबायची आणि एकाहत्तर हजार लोकांवर ओरडायची, "नाक चालत नाही इथे, डोळ्यांनी हुंगा!" कैरोच्या ज्या बायका फसीखवाल्याच्या दुकानासमोरून रुमाल लावून जायच्या, त्या हिला बघत जेवायच्या.

"पिंपं किती भरलीयेस?"

"बत्तीस. शम्म अन-नसीमचा सण तीन आठवड्यांवर आलाय, अख्खा देश फसीख खाणार. पण पिंपांचं सोडा, ती रस्त्यावर बसून विकेन मी." रीहामने हातातल्या अंगठ्या फिरवल्या. दोन्ही आईच्या, दोन्ही सैल. "तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, डॉक्टर. घरात कुणी रेकॉर्ड केलाच नाही. रोज समोर बसून बोंबलायची, कोण रेकॉर्ड करणार?"

वहीबने चष्मा पुसला. "पासवर्ड कुणाला माहीत?"

"मला, बक्रला, आईला. पण तो बदललाय. बदलायला कोड लागतो, आणि कोड जातो फक्त आईच्या नंबरवर. त्याच नंबरचं सिम मला काढून द्या म्हणून मी फोन कंपनीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, जिच्या नावावर आहे तिने ओळखपत्र घेऊन स्वतः यावं. म्हटलं, ती वारली. तर म्हणतो, मग तिच्या सहीचं मुखत्यारपत्र आणा."

"आणि तिचा फोन?"

"ती पिंपाशी कोसळली तेव्हा तिच्या पायघोळ गलाबियाच्या खिशात होता. उचलून आत नेलं तेव्हासुद्धा वाजत होता, कुणीतरी भाव विचारायला." रीहामने आपला फोन खाली ठेवला. "त्यानंतर तो कुणी पाहिलेला नाही."

२

बक्र हा रीहामचा चुलतभाऊ. हाग्गा इन्साफचे सगळे व्हिडिओ त्याने काढलेले. वहीब गच्चीवर पोचला तेव्हा तो एका बोईला गुलाबाच्या पाकळ्यांवर झोपवून तिच्यावर गोल दिवा धरत होता. मासा एखाद्या वारलेल्या मंत्र्यासारखा दिसत होता.

"तुझं नवीन पेज आहे म्हणे," वहीब म्हणाला. "काकूचं, तांत इन्साफचं, गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलंस."

बक्रने दिवा खाली केला. "डॉक्टर, तुम्ही पण? चौदा फॉलोअर आहेत माझे. चौदा! त्यातली नऊ माझी आईच आहे."

"नऊ कशी?"

"पासवर्ड विसरते आणि दर वेळी नवं खातं उघडते. एवढ्यासाठी कुणी एकाहत्तर हजारांचं पेज बुडवेल?" त्याने बोईवरची माशी हाकलली. "तांतच्या पेजवर मी चार वर्षं घासलीयेत. ती मला गाढव म्हणायची, पण सगळ्यांसमोर म्हणायची. कौतुकच की ते."

"मूळ व्हिडिओ तुझ्याकडे असतील ना?"

"फोन भरायचा हो. पेजवर टाकला की पुसायचो." हे म्हणताना त्याचा चेहरा असा पडला की वहीबने पुढचा प्रश्न जरा उशिराच विचारला.

"पेज एका झटक्यात गेलं?"

"नाही ना! तेच तर. आधी आठ-दहा दिवस एकेक व्हिडिओ गळत होता. पहिले गाण्यांचे गेले. डफ वाजवत पिंपं लावायचो ते, ईदचे. मला वाटलं, गाण्याच्या हक्कांवरून कंपनीने काढले. मग इस्कंदरियाचा समुद्रावरचा गेला. मग ती डोकं मागे टाकून हसते ते सगळे. मासे, पिंपं, भाव, फोन नंबर, चांगला-वाईट मासा कसा ओळखावा, ते शेवटपर्यंत होते."

"आणि तू रीहामला विचारलं नाहीस?"

बक्रने मान खाली घातली. "मला वाटलं, तीच काढतेय. दुःखात माणूस काहीही करतं. आणि तिला वाटलं, मी चावटपणा करतोय. घरात चाळीस दिवसांचा शोक. त्यात 'व्हिडिओ कुठे गेला' म्हणून भांडण कोण काढणार? दोघंही गप्प बसलो." मग आठवून म्हणाला, "उत्तरांचंही तसंच झालं."

"कसली उत्तरं?"

"लोक खाली विचारायचे, किलोला किती? आणि पेजवरून उत्तर जायचं : तिच्यासाठी फातिहा म्हणा. मन्सूराच्या एकाने लिहिलं, म्हटली फातिहा, आता किलोला किती? तर त्याला उत्तर गेलं, अजून एकदा म्हणा."

वहीबला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच विझलं. धंद्यावर उठलेला माणूस आधी फोन नंबर काढेल. भाव बदलेल. फार तर सडक्या माशाचा फोटो टाकेल. इथे मात्र ज्याने हात घातला त्याने धंद्याला शेवटपर्यंत बोट लावलं नव्हतं.

मग त्याला नक्की काय पुसायचं होतं?

३

इन्साफची थोरली बहीण वगीदा, रीहामची खाल्ता, मशिदीमागच्या गल्लीत एकटी राहायची. वहीबला बघून तिने चुलीवरची कढई बाजूला केली.

"तुम्हा ख्रिश्चनांचा मोठा उपास चालू आहे, मला ठाऊक आहे. तूप नाही, दूध नाही. फूल खा, वालाची उसळ, जवसाच्या तेलातली. आमच्या उपासात निदान संध्याकाळी तरी माणसासारखं जेवता येतं."

"आमच्यात पंचावन्न दिवस संध्याकाळसुद्धा होत नाही, सित्त वगीदा."

"म्हणूनच असे वाळलेले दिसता."

भिंतीवर काबेचं चित्र होतं आणि त्याच्या शेजारी, त्याहून मोठ्या चौकटीत, प्रौढ साक्षरता वर्गाचं प्रमाणपत्र. वहीबची नजर तिकडे गेलेली तिने पाहिली आणि हात पुसत म्हणाली, "चौसष्टाव्या वर्षी पास झाले. अल्लाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत मरायचं नव्हतं मला. आता रस्त्यावरच्या पाट्याही वाचते. काय फालतू मजकूर लिहितात रे लोक."

वहीब फूल खाता खाता हळूहळू त्या दिवसावर आला. वगीदाचा आवाज खाली गेला.

"मीच धुतलं तिला. दार लावून घेतलं. परक्या बाईचा हात लागू दिला नाही. लहानपणी तिला आंघोळ मीच घालायचे, तेव्हा लाथा मारायची. या खेपेला नाही मारल्या." तिने भाकरीचा तुकडा उगाच मोडला. "अंगठ्या काढून पोरीच्या हातात ठेवल्या."

"आणि पेज कुणी बंद केलं असेल, तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? फोन कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही मला. ते पेज मी कधी बघितलं नाही की बघायची इच्छा नाही. गेलं ते बरंच झालं. बाईमाणसाने समुद्रावर उभं राहायचं, एका हातात मासा, दुसऱ्या हाताने डोक्यावरचं धरायचं, आणि वाऱ्याने ते सरकून पांढरे केस सगळ्या मुलखाने बघायचे! शोभतं का?"

"इस्कंदरियाला तूही गेली होतीस?"

"मी? मी मन्सूराच्या पुढे कधी गेले नाही."

वहीबने घास गिळला. कोणता हात कशावर होता हे ऐकीव माहितीतून इतकं नेमकं कळत नाही. पण या बाईला बहिणीचा धंदा बुडवून काय मिळणार होतं? इन्साफच्याच पैशावर तर हिचं घर चालायचं. त्याला कारण सापडेना, आणि कारणाशिवाय सत्तर दिवसांच्या शोकातल्या म्हातारीवर बोट कसं ठेवायचं?

बाहेर पडला तेव्हा दोन वाजून गेले होते.

४

मुअल्लिम शेहाता हा नबरोहचा दुसरा मोठा फसीखवाला आणि गावाच्या मते एकमेव गुन्हेगार. त्याच्या पेजवर मासा हळूहळू गोल फिरायचा, मागे फटाके उडायचे, आणि शेवटी शेहाता स्वतः सोनेरी अक्षरांतून बाहेर यायचा.

"या डॉक्टर, या! सकाळपासून वाट बघतोय. मीच चोर ना? बसा, चोराचा चहा घ्या."

"तू नाहीस?"

"मी चोरलं असतं हो! वल्लाही, संधी मिळाली असती तर चोरलं असतं. पण एकाहत्तर हजार गिऱ्हाइकं हातात आल्यावर कुणी त्यांचा गळा दाबतं का? हे धंदेवाल्याचं काम नाही." त्याने चहात पाच चमचे साखर घातली. "आणि खरं सांगू? ती बाई माझ्यासाठीही ओरडायची. लोक तिचा व्हिडिओ बघून नबरोहला यायचे, तिच्या दाराशी रांग दिसली की माझ्याकडे वळायचे. ती गेल्यापासून माझे फटाके कुणी बघत नाही."

वहीबने त्याला गळत गेलेल्या व्हिडिओंचा क्रम सांगितला. आधी गाणी, मग सरकलेली ओढणी, मग हसणं. शेहाताने चमचा खाली ठेवला.

"असं आधी गाण्यांपासून पुसत गेले?"

"हो. का?"

"माझा भाऊ फतूह गेला ना, तेव्हा त्याच्या लग्नातला नाचाचा व्हिडिओ गावभर होता. त्याची बायको दारोदार फिरली. ज्याच्याकडे असेल त्याने पुसा, पाया पडते. एकेकाच्या फोनवरून स्वतःसमोर पुसून घेतला." शेहाता हळू आवाजात बोलू लागला, आणि आवाज लहान झाल्यावर तो माणूसही लहान दिसायला लागला. "तुमच्यात असेल नसेल, माहीत नाही. आमच्यात लोक मानतात, माणूस मेला की त्याचं भलंबुरं सगळं मिटलं. पण मागे गाणं राहिलं, उघड्या डोक्याचा फोटो राहिला, तर जितके लोक बघतील तितकं त्याचं पाप चालूच. तो कबरीत पडलेला, आणि इथून त्याच्या छातीवर ओझं चढतंय. खरं-खोटं अल्लाला माहीत. मी मात्र बायकोला यादी करून दिलीय, मी गेल्यावर काय काय पुसायचं त्याची."

"मोठी आहे?"

"दोन पानं."

वहीब उठला. चहा तसाच राहिला.

"डॉक्टर, कोण आहे ते कळलं?"

"शेहाता, पेजवर कुणी दावा धरला नव्हता," वहीब म्हणाला. "त्या बाईवर कुणाचा तरी फार जीव होता."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

पाच वाजायच्या आत वगीदाच्या खोलीत चौघं जमली. रीहाम आणि बक्र बाकावर, वहीब दाराशी. वगीदा जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती आणि मान वर करत नव्हती.

"पासवर्ड बदलायला इन्साफचा फोन लागतो," वहीबने सुरुवात केली. "म्हणजे फोन ज्याच्याकडे, त्यानेच पेज मिटवलं. फोन तिच्या खिशात होता, आत नेईपर्यंत वाजत होता. आत नेल्यावर तिच्या अंगावरचे कपडे काढले ते एकाच माणसाने. दार लावून. त्या माणसाने अंगठ्या पोरीला दिल्या, फोन दिला नाही. कुणी मागितलाच नाही, कारण प्रेताच्या खिशात काय होतं हे विचारायची हिंमत कुणाला होते?"

रीहाम उठून उभी राहिली. "खाल्ता?"

"तो माणूस म्हणतो, मला फोन कळत नाही. पण त्याने चौसष्टाव्या वर्षी वाचायला शिकून घेतलंय. तो म्हणतो, पेज कधी बघितलं नाही. पण इन्साफच्या कुठल्या हातात मासा होता ते त्याला पाठ आहे. आणि ज्या क्रमाने व्हिडिओ गेले, त्यात मासा सगळ्यात शेवटी आहे. बाईला वाचवायचं असेल तर हाच क्रम लागतो. धंदा बुडवायचा असेल तर उलटा."

तांदळाचं ताट बाजूला झालं. वगीदा उठली, कपाट उघडलं, आणि ओढणीत गुंडाळलेला फोन काढून मांडीवर घेऊन बसली. दिला नाही.

"तिसऱ्या दिवशी हा वाजला," ती म्हणाली. "बंद करायला म्हणून हात लावला, तर ती गायला लागली. डफ घेऊन. आणि खाली आकडा. तेवीस हजार माणसांनी बघितलेलं. तेवीस हजार, वहीब! कबरीवरची माती ओली होती अजून." तिने फोनवरून अंगठा फिरवला. "मग शिकले. अक्षर लावत लावत. 'सेटिंग्ज' कळायला मला दोन दिवस लागले. एकदा चुकून कुणा बाईला लाल हृदय गेलं, रात्रभर झोप नाही मला. आधी वाटलं, वाईट तेवढे काढावेत. पण एक काढला की दुसरा वर यायचा. मग चाळीसाव्याला म्हटलं, सगळंच मिटू दे, सुटेल बिचारी."

"मला विचारायचं होतंस," रीहाम म्हणाली.

"तू दिलं असतंस?"

रीहाम परत बाकावर बसली.

"प्रत्येक व्हिडिओ पुसायच्या आधी बघायचीस?" बक्रने विचारलं.

"बघितल्याशिवाय कळणार कसं, काय आहे त्यात?"

"किती वेळा?"

वगीदाने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"सहा वाजता कायमचं जाईल ते," रीहाम म्हणाली. "मला फक्त तिचा आवाज हवाय, खाल्ता. दुसरं काही नको. पासवर्ड सांग."

"तुला ऐकायला बरं वाटावं म्हणून तिने तिथे जळायचं?"

 वहीब तर ख्रिस्ती माणूस, या वादात त्याने तोंड घालणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरणं. पिंपातल्या माशाचा प्रश्न असता तर वहीब ठामपणे काही बोलला असता.

बाहेर पाच वीस झाले.

६

"सित्त वगीदा," तो शेवटी म्हणाला, "पासवर्ड राहू दे. एक कर. फोन चालू कर. लोकांनी तिला निरोप पाठवले असतील. ती गेली हे ज्यांना माहीतच नाही, त्यांना कळवायला नको? ते तरी घरच्यांचं काम आहे ना?"

हे तिला पटलं. कळवायला हवं, ते कर्तव्य. तिने फोन चालू केला. तो जागा झाला आणि थरथरायला लागला, थांबेचना. एकसष्ट निरोप.

बक्रने हात पुढे केला. "मी वाचतो."

"गप. मला येतं."

चष्मा लावून, बोट ठेवून, ती अक्षर अक्षर वाचायला लागली. पहिल्यात भाव विचारलेला. दुसऱ्यातही. तिसऱ्यात एकाने आठ किलो मागून वर आंब्याच्या लोणच्याची चौकशी केली होती. रीहाम घड्याळाकडे बघत ओठ चावत होती. वहीबने तिला डोळ्यांनीच दाबून धरलं.

मग वगीदाचं बोट एका निरोपावर थांबलं. आजचा होता. पाच वाजून पाच मिनिटांचा.

"'हाग्गा, मी महल्ला शहरातली उम्म रवान, रवानची आई,'" ती वाचत गेली. "'नवऱ्याने रस्त्यावरून फसीख आणलाय. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. मांस काट्यापासून... आपोआप सुटतंय. वाईट मासा कसा ओळखायचा तो तुमचा व्हिडिओ मी दर वर्षी बघते. आज शोधला, दिसत नाही. पोरं ताटावर बसलीयेत. देऊ का?'"

वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली आणि परत वाचू लागली, या वेळी बोट न ठेवता. पाच पंचवीस.

"फोन लाव तिला!" बक्र ओरडला. रीहामने आपल्या फोनवरून नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. तेच.

"बोलून कसं पाठवतात?" वगीदाने विचारलं. बक्रने बटण दाखवलं. तिने फोन तोंडाशी धरला, आणि जो आवाज निघाला तो हुबेहूब इन्साफच्या वळणाचा होता. दोघी एकाच बापाच्या फसीखच्या दुकानात ओरडायला शिकलेल्या.

"बाई, हाग्गा इन्साफ नाही. ती अल्लाकडे गेली. मी तिची बहीण. तो मासा टाकून दे. कुत्र्या-मांजरालाही घालू नकोस, पुरून टाक. ताटं धू. कुणी घास खाल्ला असेल तर आत्ता उठून इस्पितळात जा, उलटी व्हायची वाट बघू नकोस. नवरा ओरडला तर त्याला माझ्याकडे दे. उत्तर दे मला. लगेच."

निरोप गेला. एक खूण आली. दुसरी आली. मग काही नाही.

चौघांनी त्या काचेच्या तुकड्याकडे बघितलं. पाच तीस. पाच पस्तीस. रीहामने पेजचं नावसुद्धा काढलं नाही, आणि वहीबच्या लक्षात आलं की तिला त्याची आठवणच राहिलेली नव्हती. वगीदाचे ओठ हलत होते. बक्र नंबर लावत होता, ठेवत होता, लावत होता.

पाच चाळीसला फोन थरथरला.

"'टाकला,'" वगीदा वाचू लागली. "'कुणी खाल्ला नव्हता, मीच थांबवून ठेवलं होतं. नवरा रुसून बसलाय. अल्ला हाग्गा इन्साफवर दया करो. तिच्यामुळे मला शंका तरी आली, नाहीतर वाढला असता मी. तिच्यासाठी... आम्ही सगळे...'" पुढचं तिला वाचता येईना. अक्षरं ओळखता येत होती, डोळे साथ देत नव्हते.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग कुणाला उद्देशून नाही अशी बोलली.

"वर्गात वाचलंय मी. मागे ठेवलेलं ज्ञान लोकांच्या कामी आलं, तर त्याचं पुण्य मेल्यावरही पोचत राहतं. स्वतः वाचलंय, ऐकीव नाही." तिने वर पाहिलं. "मी गाणं थांबवायला गेले. आणि हेही थांबवून बसले. या तीस दिवसांत तिचं हे किती बुडलं असेल, वहीब?"

"मला तुमच्यातलं कळत नाही," वहीब म्हणाला. "पण तीस वर्षं मी या गावात लोकांना वाईट मासा खाऊ देत नव्हतो. माझ्यापेक्षा जास्त लोक तिने वाचवले, चार वर्षांत. हे मी कुठल्याही देवासमोर सांगेन."

वगीदा रीहामकडे वळली. "गाण्यांचे गेले. हसायचे गेले. ते मी मुळापासून पुसलेत, परत येणार नाहीत."

रीहामने मान हलवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "माशांचे?"

"माशांचे आहेत. ते पेजसोबत झाकले गेले होते, उघडले की दिसतील." ती सावरून बसली, फोन दोन्ही हातांत धरला. "पण यापुढे त्यावर काय चढवायचं ते आधी मला दाखवायचं. डफ नाही."

"डफ नाही," बक्र म्हणाला.

"आणि तो गुलाबाच्या पाकळ्यांचा अचरटपणा नाही."

"तू माझं पेज बघतेस?"

"चौदातली एक मी आहे, गाढवा." तिने चष्मा नाकावर चढवला. पाच एक्कावन्न. "आता भिंतीकडे तोंड करा सगळे. पासवर्ड आहे हा."

"खाल्ता, आता तरी—"

"तोंड करा म्हटलं ना! डॉक्टर, तू पण."

तिघं भिंतीकडे तोंड करून ओळीने उभी राहिली. पाठीमागे एकेक अक्षर दाबल्याची टकटक ऐकू येत होती, मध्येच थांबत होती, पुसून परत सुरू होत होती. कुठल्याशा मिनारावर ध्वनिक्षेपक खरखरला. मग टकटक संपली, आणि खोलीभर हाग्गा इन्साफ खणखणीत आवाजात कुणावर तरी खेकसली की अरे, शेपटीकडून काय धरतोस, ते काय झाडू आहे?

रीहामने बक्रचा हात घट्ट धरला. पण तिघांतलं कुणीच वळलं नाही. वगीदाने अजून वळा म्हटलं नव्हतं.